हेर्लेकर मास्तरांचा ऑर्गन

त्र्यंबक नृसिंह हेर्लेकर कोल्हापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवत. माणूस सरळ, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच होती. कुठलीही वस्तू तिच्या मूळच्या कामाला राहिलेली त्यांना बघवत नसे. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी पाळण्याचं पुस्तकांचं फडताळ केलं. ते झुलायचं, त्यामुळं पुस्तक काढताना एका हातानं फडताळ धरून ठेवावं लागे. जुन्या छत्रीची त्यांनी फिरायला जायची काठी केली, आणि पावसाळा आल्यावर नवी छत्री आणली. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी आलेला पाहुणा टेकण्याआधी सरोजिनीबाईंकडे एकदा बघून घेई. त्यांनी मान हलवली म्हणजे खाली आहे ती खुर्चीच, असं समजायचं.

सरोजिनीबाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. माहेर निपाणीचं. मुलगी गाते म्हणून वडिलांनी लग्नात तिला पायपेटी दिली होती. पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं, अशी ती सागवानी पेटी सोप्यात खिडकीखाली असे. रोज सकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी सरोजिनीबाई तिच्यावर दोन पदं म्हणत. मास्तर पेटी शिकले ते लग्नानंतर आणि बायकोकडूनच. बाहेर मात्र ते "आम्ही दोघं बरोबरच शिकलो" असं सांगत, आणि सरोजिनीबाई ते खोडून काढत नसत.

पण मास्तरांच्या मनात पेटी नव्हतीच. मनात ऑर्गन होता. लहानपणी गडहिंग्लजला एक नाटक कंपनी तंबू ठोकून राहिली होती. वडिलांबरोबर गेलेला त्र्यंबक नांदी संपायच्या आत झोपी गेला आणि मध्येच केव्हातरी ऑर्गनच्या आवाजानं जागा झाला. रंगमंचावर कोण होतं, काय गात होतं, त्यातलं काही पुढं आठवलं नाही. आवाज तेवढा कानात राहिला. भरलेला, गोल, आणि पाण्यावर हात फिरवल्यासारखा किंचित थरथरणारा. मोठेपणी त्यांनी ऑर्गन ऐकला तो रेकॉर्डवर, नाहीतर नाटकगृहाच्या शेवटच्या बाकावरून. मास्तरांचा पगार त्याच्या पुढं बसू देत नव्हता. तरी विषय निघाला की ते ऑर्गनबद्दल असे बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांच्या माजघरात एक असणार.

हे बोलणंच त्यांना एक दिवस भोवलं.

साल असेल पन्नास किंवा एकावन्न. शाहूपुरीत बाळासो नावाचे एक गुळाचे अडत्ये होते. तरुणपणी तालमीत अंग कमावलेलं, छाती अजून तशीच, आणि त्या छातीत आवाजही चांगला होता. त्यांनी पेठेतली हौशी मंडळी जमवून एक पौराणिक संगीत नाटक बसवायला घेतलं. नारदाचं काम ते स्वतः करणार होते. नारद इतका धष्टपुष्ट कसा, असं विचारायची कुणाची टाप नव्हती, कारण खर्चही तेच करणार होते. साथीला मास्तर, हे आधीच ठरलेलं.

पेढीवर एकावर एक रचलेल्या गुळाच्या रव्यांना टेकून बैठक बसली होती. बाळासो म्हणाले, "मास्तर, एक सांगून ठेवतो. मी पेटीवर गाणार न्हाय."

"का बरं?" मास्तरांनी विचारलं.

"पेटी भजनाला बी असती, बारशाला बी असती. नाटक म्हंजे आर्गन पायजे. आर्गन न्हाय तर नारद न्हाय."

मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. कोल्हापुरात ऑर्गन नव्हते असं नाही, पण ज्यांचे होते ते हौशी मंडळींच्या हाती द्यायला तयार नव्हते. अशा वेळी शहाणा माणूस सुपारी कातरत बसतो. मास्तर म्हणाले, "त्यात काय एवढं. माझ्या पेटीचा ऑर्गन करून देतो."

"हुईल?"

"न व्हायला काय झालं?"

घरी येईपर्यंत पेटी कुणाची आहे ते मास्तरांना आठवलं. जेवण झालं. हात धुतल्यावर त्यांनी विषय काढला, तोही भूगोलाच्या तासासारखा.

"अगं, पेटी आणि ऑर्गन ह्यांत फरक असा काही नाहीच. दोन्हींत पितळेच्या जिभाच वाजतात. फक्त पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, आणि ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो. पेटी श्वास सोडते, ऑर्गन श्वास घेतो. म्हणून त्याचा आवाज गोल."

सरोजिनीबाई ताटं गोळा करत होत्या. "मग?"

"मग काही नाही. आपल्या पेटीला श्वास घ्यायला शिकवायचं."

"माझ्या पेटीला?"

"आपल्या," मास्तर म्हणाले.

सरोजिनीबाईंनी हातातली ताटं एकावर एक रचली. मग म्हणाल्या, "बाळासोंना शब्द देऊन आलात ना?"

"तसं थोडंफार."

"मग आता मला विचारताय की सांगताय?"

मास्तरांनी तिथं पडलेलं भाताचं एक शीत उचललं आणि बाहेर नेऊन टाकलं. सरोजिनीबाईंनी ताटं मोरीत ठेवली आणि तिथूनच सांगितलं, "करा. पण सकाळची माझी पदं झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

पहिले काही दिवस मास्तरांनी पेटी न उघडताच ऑर्गन करायचा प्रयत्न केला. तिच्यावर गोधडी घातली. आवाज आला, पण शेजारच्या घरात कुणीतरी पेटी वाजवत असल्यासारखा. मग पेटी मोरीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन भिंतीला तोंड करून ठेवली. आवाज घुमला खरा, पण मास्तरांचे गुडघे भिंतीला लागायला लागले. शेवटी त्यांनी आकाराम सुताराला बोलावलं.

आकाराम दारं, चौकटी आणि बैलगाड्या करत असे. पेटीचं काम त्यानं कधी केलं नव्हतं, आणि तसं त्यानं स्पष्ट सांगितलंही. मास्तर म्हणाले, "मीही नाही केलेलं." त्यावर दोघांचं जमलं.

भाता उलटा करायचा म्हणजे त्याच्या कातडी झडपा काढून दुसऱ्या अंगानं बसवायच्या, आणि आतल्या जिभाही एकेक करून पालथ्या घालायच्या. आठवडाभर सोप्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि सरोजिनीबाईंनी सकाळची पदं पेटीशिवायच म्हटली. सगळं जुळवून झाल्यावर मास्तर स्टुलावर बसले, पायडल दाबलं, पट्टीवर बोट ठेवलं. आवाज आला तो म्हशीच्या लहान रेडकाला झोपेतून उठवल्यासारखा.

आकारामला हवा आत ओढली जाते हेच पटत नव्हतं. "भाता म्हंजे फुकायचाच असतोय मास्तर," तो म्हणाला. "लव्हाराचा बगा की." त्याचं म्हणणं, कुठं तरी चुकलंय आणि हवा बाहेरच जातीया.

चैत्र संपत आला होता. घरोघरी वर्षाची चटणी करायचे दिवस. सरोजिनीबाई माजघराच्या दाराशी बसून डंकावर कांडून आणलेली मिरचीपूड चाळत होत्या. मास्तर पायडल मारत होते, आणि आकाराम पेटीच्या मागं पालथा पडून हवा कुठून येते ते तपासत होता. पेटीनं श्वास घ्यायला सुरुवात केली. समोरून हवा आत ओढायची आणि मागून खाली सोडायची, हा तिचा नवा धर्म तिनं चोख पाळला. थोड्याच वेळात मागून एक शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग त्या मोजायचं काही कारण उरलं नाही. आकाराम रांगत बाहेर आला, त्याचे डोळे लाल झाले होते आणि मिशा ओल्या.

"ओढतीया मास्तर," तो शिंकांच्या मधून म्हणाला. "ओढतीया की."

मास्तरांना इतका आनंद झाला, की त्याला पाणी द्यायचं सरोजिनीबाईंनाच सुचवावं लागलं.

हवा फिरली तरी आवाज पातळच होता. तेव्हा आकारामनं जिभांच्या वर बसेल अशी एक लाकडी पेटारी करून दिली. आवाज तिच्यात फिरून मग बाहेर यायला लागला. त्याला अंग आलं, पण मास्तरांना हवी होती ती थरथर काही येईना. विचार करता करता त्यांना सुचलं की प्रत्येक पट्टीला दोन जिभा आहेत. त्यांतली एक जरा बेसूर केली तर दोन आवाज एकमेकांना घासून लाट उठेल. पण किती बेसूर? इथं मास्तरांचा कान पुरेना. सरोजिनीबाईंचा कान पक्का होता.

म्हणून रोज दुपारी त्या पेटीजवळ येऊन बसायला लागल्या. मास्तर कानशीनं जिभेची कड हलकेच घासत आणि वाजवत. सरोजिनीबाई डोळे मिटून ऐकत आणि सांगत, "अजून सुरात आहे. बिघडवा." मास्तर घासत. "आता फार बिघडला. मारुतीच्या देवळातल्या पेटीसारखा झाला." मास्तर उलट्या अंगानं घासत. आपल्या बापानं दिलेल्या पेटीचे सूर नेमके किती बिघडवायचे हे सांगणारी बाई त्या पेठेत दुसरी नसेल. एका दुपारी त्या म्हणाल्या, "थांबा." मास्तरांनी हात उचलला, मग पुन्हा ठेवला. आवाज सोप्यात भरला, गोल, कापरा. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गडहिंग्लजचा तंबू, वडिलांच्या उपरण्याचा वास, सगळं परत आलं.

"हाच," ते म्हणाले.

"छान आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "असाच असतो का ऑर्गन?"

"अगदी अस्साच," मास्तर म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

नाटक झालं. बाळासोंनी नारद असा उभा केला की वीणा त्यांच्या हातात चमच्याएवढी दिसत होती, पण गायले मात्र मन लावून. पहिल्याच पदाला मास्तरांनी सूर धरला आणि पुढच्या रांगेतले फेटे एकमेकांकडं वळले. "आर्गन हाय," कुणीतरी म्हणालं. चार पदांना वन्समोअर मिळाले. बाळासोंनी नंतर मास्तरांच्या पाठीवर अशी थाप मारली की पुढचा सगळा दिवस मास्तर किंचित वाकून चालले.

तिथून पुढं तीन वर्षं 'मास्तरांचा ऑर्गन' बैलगाडीतून गावोगाव हिंडला. गणपतीत इचलकरंजी, जत्रेला वडगाव. सरोजिनीबाईंची सकाळची पदं तंबोऱ्यावर आली, कारण पेटी बहुतेक वेळ परगावी असे, आणि असली तरी तिच्यावर देवाचं पद म्हटलं की नाटकातलं वाटे. मास्तरांना मान मिळायला लागला आणि तो त्यांना मानवला. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना ते ऑर्गनवर येत. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडं येतो ती पेटी, आणि रात्री उलटा जातो तो ऑर्गन, असं मुलांनी परीक्षेत लिहिलं. मास्तरांनी त्याला पूर्ण गुण दिले.

आणि मग बेळगावच्या कँपातल्या एका गोऱ्या म्हातारीचं सामान विकायला निघालं. ती विलायतेला परत चालली होती. बाळासो गुळाच्या कामाला बेळगावला गेले होते. तिथं त्यांना कळलं की सामानात एक ऑर्गन आहे, अस्सल, विलायती. त्यांनी तो तिथल्या तिथं घेतला आणि लॉरीत घालून शाहूपुरीला आणला. दिवाणखान्यात तो ठेवला, त्याला हार घातला, आणि मास्तरांना बोलावणं धाडलं.

मास्तर आले. तो काळसर, चकचकीत ऑर्गन बघून त्यांनी आधी चपला काढल्या, मग टोपी काढली, मग टोपी पुन्हा घातली. बसले. पायडल दाबलं. एक सूर लावला.

आवाज हळू आला. ओरडला नाही, थरथरला नाही. संथ उभा राहिला आणि हळूहळू खोलीच्या कोपऱ्यांपर्यंत गेला. मास्तरांनी दुसरा सूर लावला, मग तिसरा. त्यांनी हात उचलले. आपण तीन वर्षं जे ऑर्गन म्हणून वाजवत होतो त्याच्याशी ह्याचं दूरचंही नातं नव्हतं. ही जर गंगा असेल तर आपण घरी नळाला चिंधी बांधली होती.

ते मागं वळले. बाळासोंचा चेहरा पडला होता.

"बिगाडलाय न्हवं?" बाळासो म्हणाले. "मला म्हातारीनं फशिवलं, मास्तर. ह्यो आर्गनसारखा वाजतच न्हाय. तुमच्या आर्गनात कसा जीव हाय. ह्यो नुसता देवळात बसल्यासारखा वाजतोय."

मास्तरांनी ऑर्गनचं झाकण हलकेच मिटलं.

"तुमास्नी ह्यातलं कळतंय," बाळासो म्हणाले. "एवढा तुमच्या आर्गनवानी करून द्या."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण तीन वर्षांचा मान, वन्समोअर, पूर्ण गुण दिलेली ती उत्तरं, हे सगळं मास्तरांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांच्या तोंडून शब्द आले ते एवढेच, "बघतो."

मग ते रोज शाळा सुटल्यावर बाळासोंच्या घरी 'बघायला' जाऊ लागले. बाळासो त्या वेळी पेढीवर असत. मास्तर हत्यारांची पिशवी ऑर्गनजवळ ठेवत आणि ती न उघडता तासभर वाजवत बसत. बाळासोंच्या पत्नी तानाबाई चहा आणून देत. थोड्या दिवसांनी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मास्तर दुरुस्ती करत न्हाईत. नुस्तं वाजवत्यात. आन वाजवून झालं की गप बसून ऱ्हात्यात."

"तपासत असतील," बाळासो म्हणाले.

घरीही मास्तर बोलेनासे झाले. सरोजिनीबाईंनी दोन-चार दिवस वाट पाहिली आणि मग विचारलं. मास्तरांनी सांगितलं नाही. म्हणाले, "तू एकदा ऐक." दुसऱ्या दिवशी दोघं शाहूपुरीला गेले. तानाबाईंनी सरोजिनीबाईंना कुंकू लावलं, पाट दिला. पण मास्तरांनी त्यांना सरळ ऑर्गनसमोर बसवलं.

सरोजिनीबाईंनी पदर सावरला, पायडलचा अंदाज घेतला आणि सकाळचं आपलं पद वाजवायला घेतलं. पहिली ओळ वाजवून त्या थांबल्या. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि ह्या वेळी हलक्या आवाजात गायल्याही. तानाबाई चहाचं आधण तसंच टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

पद संपल्यावर सरोजिनीबाई म्हणाल्या, "म्हणजे ऑर्गन हा."

"हो."

"आणि आपल्याकडे आहे तो?"

मास्तर टोपीशी चाळा करत राहिले. सरोजिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांना रागही आला असेल. तंबोऱ्यावरच्या तीन वर्षांचा हिशेब त्या मांडू शकल्या असत्या. पण मास्तरांचा चेहरा शाळेत पट्टी खाल्लेल्या पोरासारखा झाला होता, आणि त्यांना हसूच आलं.

"मला कळलं," त्या म्हणाल्या. "आता बाळासोंनाही सांगा. आज."

मास्तर तसेच पेढीवर गेले. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले. मग त्यांनी उभ्यानंच सांगून टाकलं, "बाळासो, तो ऑर्गन बिघडलेला नाही. ऑर्गन तसाच वाजतो. माझा आहे ती पेटीच. श्वास उलटा केलेली, आणि सूर जरा बिघडवलेले."

बाळासोंनी पेन कानावर ठेवलं. "म्हंजे तीन वर्सं मी पेटीवर गायलो?"

"हो."

"बेसूर पेटीवर?"

"किंचित बेसूर."

बाळासोंनी समोरच्या गुळाच्या रव्यावर बोट दाबून बघितलं. मास्तरांना वाटलं, आता हा माणूस उठणार. बाळासो उठले नाहीत. ते आवाज खाली आणून म्हणाले, "ह्यो बोभाटा करू नका. आन त्यो नवा तेवढा तसाच करून द्या."

"अहो, पण तो खरा आहे."

"असंल की. माज्या गळ्याला तुमचा बसलाय. लोकास्नी बी त्योच म्हाईत हाय. खरा घिऊन मी काय करू?"

मास्तरांनी आयुष्यात कितीतरी वस्तूंचं काहीबाही केलं होतं, आणि कुणी स्वतःहून 'करून द्या' म्हणावं ह्यासारखं सुख त्यांना नव्हतं. हातात कानस होती, ओळखीचा सुतार होता, जिभा कशा बिघडवायच्या ते सांगणारा कान घरात होता. पण ते म्हणाले, "बाळासो, त्याला मी हात लावणार नाही. दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही. तुम्हाला राग आला तरी चालेल."

राग आला. दोन महिने बाळासो मास्तरांशी धड बोलले नाहीत. नाटकं मात्र चालू राहिली आणि साथीला मास्तरांचीच पेटी असे, कारण नारदाला दुसरा ऑर्गन चालत नव्हता. प्रयोगापुरतं बाळासो "सूर द्या" एवढंच म्हणत आणि मास्तर देत.

इकडे तानाबाईंनी सरोजिनीबाईंना सांगून ठेवलं होतं, की गुरुवारी येत जा, मला ते पद ऐकायचंय. सरोजिनीबाई जाऊ लागल्या. आधी मास्तर सोडायला जात, मग थांबायला लागले. बायका दिवाणखान्यात आणि मास्तर बाहेर कट्ट्यावर. एका गुरुवारी बाळासो पेढीवरून लवकर आले आणि काही न बोलता कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. आतून ऑर्गन ऐकू येत होता, संथ, आणि त्यावर सरोजिनीबाईंचा आवाज. बाळासोंनी फेटा काढून मांडीवर ठेवला. पद संपेपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही.

"आता बरा वाजतोय की वो," बाळासो म्हणाले. "केलासा न्हवं शेवटी?"

"मी काही केलं नाही," मास्तर म्हणाले.

"मग पैल्यांदा असा वाजत नव्हता तो?"

"असाच वाजत होता."

बाळासोंनी त्यांच्याकडं समजूतदारपणे बघितलं. मास्तर रागाच्या भरात नाही म्हणाले, मग गुपचूप येऊन काम करून गेले आणि आता मोठेपणा घ्यायला लाजतायत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्या दोघा-तिघांना थांबवून सांगितलं, की विलायती आर्गन बिघडला होता, मास्तरांनी कोल्हापुरात दुरुस्त केला. मास्तरांनी पुन्हा सांगून बघितलं की तसं काही नाही. त्यावर बाळासोंनी आत आवाज टाकून दोन चहा मागवले, आणि चहा आल्यावर मास्तर वाद सोडून तो प्यायला लागले.